मदत हवी आहे: दादाने माळ काढून ठेवलीय

नमस्कार मंडळी. माझा थोरला भाऊ पत्रे बदलताना छपरावरून पडला. मणक्याला मार लागून कमरेखालचं सगळं गेलं. ऑपरेशन झालं, फिजिओथेरपी चालू आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचा आणि माकडहाडावर लाली आलीय का बघायची, हे घरात सगळे शिकलोय. अडचण मनाची आहे.

दादा माळकरी, दिंडीत पखवाज वाजवायचा. आता गळ्यातली माळ काढून उशाखाली ठेवलीय. फेकतही नाही, घालतही नाही. "विठ्ठल बरं करेल" असं कोणी म्हटलं की तोंड फिरवतो. त्यात पाहुणे येऊन नवस आणि मागच्या जन्मीचं पाप काढतात! (अशांना मी हल्ली ओसरीवरूनच वाटेला लावते.)

मुरलीकांत पेटकरांचं सांगून पाहिलं. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखाली अधू झाले, तरी १९७२ला पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्ण जिंकलं. दादा म्हणाला, "ते फौजी. मी गवंडी." काय बोलणार?

इथे कोणी स्वतः यातून गेलंय का? देवावरचा राग कसा निवळला, की निवळलाच नाही? चालेल, खरं तेच सांगा. उपदेश नको, त्याच्याशी फोनवर गप्पा मारणारं कोणी हवंय. आणि एक, व्हीलचेअरवर पखवाज मांडीवर घेऊन वाजवताना तोल कसा सांभाळायचा? छातीला पट्टा बांधला तर हात मोकळे राहतात का?