हाड जंतू खात नाहीत
हिरड्यांच्या आजारात 'जंतू हिरडीखालचं हाड खातात' असं म्हटलं जातं, तिथे जरा दुरुस्ती. हाड आपल्याच पेशी विरघळवतात. दात आणि हिरडीच्या फटीत जंतूंचा थर बसला की तिथल्या पेशी इंटरल्युकिन-१ बीटा, टीएनएफ-अल्फा असे सूज आणणारे रासायनिक संदेश सोडतात. रक्तवाहिन्या फुगतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, म्हणून ब्रश लागताच गुलाबी थुंकी. इथून मागे फिरता येतं. १९६५ साली दंतसंशोधक हॅराल्ड लो यांनी धडधाकट लोकांना दात घासणंच बंद करायला लावलं (कोण तयार झालं असेल!), १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, घासणं सुरू केल्यावर पूर्ववत झाल्या.

पण संदेश चालूच राहिले तर रँकल नावाचं प्रथिन वाढतं, त्याच्या इशाऱ्यावर ऑस्टिओक्लास्ट पेशी तयार होतात आणि दाताभोवतीचं हाड पोखरत जातात. ते आपोआप भरून येत नाही.

म्हणून ही प्रतिकारशक्ती दाबूनच टाकावी का? नको. ज्या मुलांत न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जन्मतःच फार कमी असतात, त्यांचे दात लहानपणीच हलू लागतात.

आणि 'मी सिगारेट ओढतो, पण रक्त येत नाही' यावर खूश होऊ नका. धूम्रपानाने रक्तस्राव झाकला जातो, हाड झिजतच असतं.