चार वर्षांच्या मुलाला 'अ' काढता येत नाही, म्हणून बालवाडी वाया गेली का?

फॉर्मवाली_आई:
कालची ती पोस्ट डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय. एका बाबांनी लिहिलं होतं की बालवाडीत वर्षभर गोष्टी, गाणी, गप्पा आणि वर्ष संपलं तरी पोराला साधा 'अ' काढता येत नाही, त्यापेक्षा सरळ पाटी-पेन्सिलवाल्या शाळेत घाला. खाली सगळे 'अगदी बरोबर'. काय बरोबर? माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे, दोन्ही प्रकारच्या शाळांचे फॉर्म घरात पडलेत, मला खरंच ठरवायचंय. पाटीवाल्या शाळेत मी वीस मिनिटं बसले, पोरं ओळीत बसून 'क' गिरवत होती, एकाही पोराचा आवाज कानावर आला नाही. या वयात मूल बोलणार नाही तर शिकणार कसं? आणि हे काही आजचं फॅड नाही, बालवाडी ज्यांनी आणली त्या फ्रोबेलने 1837 मध्ये जर्मनीत तिची सुरुवात केली तीच खेळ, गाणी आणि हाताळायच्या वस्तूंपासून.

खडूफळा:
मी 17 वर्षं पहिलीला शिकवतोय. गप्पांच्या बालवाडीतून आलेली मुलं माझ्याकडेच येतात. तोंडाने चुरूचुरू, पण अक्षर समोर ठेवलं की गप्प. माझ्या स्वतःच्या मुलीला तसल्याच शाळेत घातलं होतं. पहिलीत गेल्यावर सगळा वर्ग लिहायला लागला आणि ही घरी येऊन म्हणाली, "बाबा, मला काहीच येत नाही." दोन महिने वर्गात तोंड उघडलं नाही तिने, जिची बडबड थांबत नव्हती तिने. तेव्हा गिरवण्याला नावं ठेवण्याआधी पुढच्या वर्गाचा विचार करा.

तिसरा_बाक:
सर, मुलीचं वाचून वाईट वाटलं, पण दोष गोष्टींचा नाही, पहिली घाई करते त्याचा आहे. फिनलंडमध्ये मूल सात वर्षांचं होतं त्या वर्षी शाळा सुरू होते. आणि गोष्टी कशाला हव्यात तर अमेरिकेतला 1995 चा तो अभ्यास आहेच, चार वर्षांचं होईपर्यंत सुखवस्तू घरातल्या आणि गरीब घरातल्या मुलांच्या कानावर पडलेल्या शब्दांत तीन कोटींचा फरक. घरी कुणी बोलत नसेल तर शाळेने तरी बोलावं.

रातपाळी:
हा तीन कोटींचा आकडा परत कुणी आईच्या तोंडावर मारू नका, हात जोडते. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना मी रात्रपाळी करायचे, दिवसा झोपायचे. शाळेतल्या बाईंनी हाच आकडा ऐकवून विचारलं होतं, "तुम्ही बोलता का मुलाशी?" बाथरूममध्ये जाऊन रडले होते मी. 42 कुटुंबं होती त्या अभ्यासात, 42! त्यात सगळ्यात गरीब गटात फक्त सहा. महिन्याला तासभर रेकॉर्डिंग, आणि त्यावरून पुढचे कोटी गुणून काढलेले. एवढ्यावर जगभरच्या गरीब आयांना मुक्या ठरवायचं?

तिसरा_बाक:
आकडा मी तुम्हाला उद्देशून दिला नव्हता. प्रत्येक गोष्ट अंगाला लावून घेतली तर चर्चाच नको मग.

रातपाळी:
अंगावरच आली होती ती, लावून काय घ्यायची? माझा मुलगा दिवसभर आजीजवळ असायचा. आजी निवडताना, धुताना, झाडताना सतत बोलायची, शेजारच्या पोरी यायच्या, त्यांच्या भांडणांत हा मधे. ते शब्द कुणी मोजले? पुढे काही संशोधकांनी घरात मुलाच्या आसपास बोलणारी सगळीच माणसं धरून मोजलं तेव्हा चित्र बरंच बदललं.

खडूफळा:
आसपास बोललेलं आणि मुलाशी बोललेलं एक नाही ना ताई. टीव्ही दिवसभर बोलतो, त्याने भाषा येते का? शब्दसंपत्ती वाढते ती मुलाशी थेट बोलल्याने, हेही अभ्यासात दिसलंय.

रातपाळी:
आजी टीव्ही नाही. ती याला विचारायची आणि उत्तराची वाट बघायची.

तिसरा_बाक:
ठीक आहे, आकडा मागे घेतो, तो तसा फेकायला नको होता. आणि वाट बघण्याचं जे म्हणताय तेच बहुधा खरं आहे. 2018 मध्ये चार ते सहा वर्षांच्या 36 मुलांचा अभ्यास झाला, त्यात गोष्ट ऐकताना मेंदूच्या भाषेच्या भागात दिसणाऱ्या हालचालीचं नातं मोठ्यांनी किती शब्द ओतले याच्यापेक्षा देवाणघेवाण किती वेळा झाली याच्याशी होतं. घरची परिस्थिती बाजूला काढूनही.

खडूफळा:
मग हे सांगा, चाळीस पोरं आणि एक बाई, तिथे कोण कुणाची वाट बघणार? तिथे 'गोष्टीची शाळा' म्हणजे बाई बोलते आणि पोरं हाताची घडी घालून ऐकतात. पाटीपेक्षा वेगळं काय झालं?

फॉर्मवाली_आई:
हे मात्र मला पटलं, नाइलाजाने. दुसऱ्या शाळेत गोष्ट छान चालली होती, पण प्रश्न विचारून बाईच उत्तर देत होत्या. पण सर, अक्षरओळख बोलण्यातूनही होतेच की. 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरतं विचारलं की माझी मुलगी "मळ" म्हणून हसत सुटते. तिला 'क' काढता येत नाही, पण ऐकू येतो.

खडूफळा:
ते चांगलं आहे, नाही म्हणत नाही. माझ्या वर्गात वाचनात अडकणारी निम्मी मुलं आवाज सुटा करण्यातच अडकतात. पण अक्षर वाचता येणं आणि वाचलेलं समजणं, वाचनाला दोन्ही लागतात, एक शून्य असलं की गुणाकार शून्य. तुम्ही सगळे एकच बाजू धरून बसलात. हात तयार व्हायला माती, मणी, कात्री द्या, साडेतीनला पेन्सिल नको, एवढं मी मान्य करतो. पाच पूर्ण झाल्यावर मात्र अक्षर हवंच, माझी मुलगी जे भोगली ते दुसऱ्या पोराला नको.

रातपाळी:
तुमची मुलगी आता कशी आहे?

खडूफळा:
वाचते. खूप वाचते. पण वर्गात हात अजून वर करत नाही.

फॉर्मवाली_आई:
गुरुवारी परत जाते दोन्हीकडे. प्रश्न विचारल्यावर बाई किती वेळ थांबतात तेवढंच बघणार.

खडूफळा:
आणि मोठ्या गटाच्या वह्याही मागून बघा.

फॉर्मवाली_आई:
बघते.