‘चाय’ला मराठीत काय म्हणाल? (व्हिएतनामी जेवणातला एक शब्द)

हनोईत राहायला येऊन मला तीन वर्षं होतील. पुढच्या महिन्यात आई-बाबा येताहेत. दोघंही मांस-मासे खात नाहीत. त्यांना एकट्याने बाहेर पडता यावं म्हणून रोजच्या शब्दांची एक वही करायला घेतली आणि पहिल्याच शब्दापाशी अडले. तो शब्द ‘चाय’.

आधी उच्चार. यातला ‘आ’ तोकडा आणि सूर अगदी सपाट. चहाशी याचा काही संबंध नाही. चहाला इथे ‘चा’ म्हणतात, थेट आपल्या गावाकडच्यासारखं, फक्त सूर खाली उतरतो. फुटपाथवर बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर बसून माणसं दिवसभर ‘चा दा’ म्हणजे बर्फ घातलेला चहा पीत असतात. ‘चाय’चा सूर वर चढवला तर अर्थ होतो जळणं, खाली दाबून तोडला तर धावणं. भाताच्या तळाशी लागलेल्या खरवडीला ‘कम चाय’ म्हणतात, त्यातला ‘चाय’ हा जळण्याचा. म्हणून बाबांना सांगून ठेवलंय, सूर हलवायचा नाही.

आता अर्थ. शब्दकोशात ‘शाकाहारी’ असं दिलेलं असतं आणि मला ते पटत नाही. शब्द मूळचा चिनी, आणि तिथे त्याचा अर्थ व्रतासाठी, शुद्धीसाठी पाळलेला संयम असा आहे. इथेही तो वास गेलेला नाही. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला आमच्या गल्लीतल्या ‘कम चाय’च्या (हा सपाट सुराचा ‘चाय’; ‘कम’ म्हणजे भात) खानावळीत बसायला जागा मिळत नाही. एरवी सकाळी गोमांसाचा फो, म्हणजे तांदळाच्या शेवयांचं सूप, खाणारे शेजारी त्या दिवशी टोफू आणि अळंबी घेऊन बसलेले दिसतात. (फो आपण ओकारान्त लिहितो, पण खरा स्वर लांबवलेल्या ‘अ’चा आहे, ‘फऽ’. मराठी जिभेला तो सहज जमतो.) कडक पाळणारे कांदा-लसूणही वर्ज्य करतात. सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला, जी बऱ्याचदा आपल्या नारळी पौर्णिमेच्या आसपास येते, आई-वडिलांच्या आणि पूर्वजांच्या नावाने ‘चाय’ पाळणारे तर खूपच.

म्हणजे ‘चाय’ हे माणसापेक्षा दिवसाचं विशेषण आहे. कायम पाळणाऱ्यासाठी ‘लांब’ या अर्थाचा शब्द पुढे जोडून ‘चाय चुअंग’ असं वेगळं सांगावं लागतं. आपला ‘शाकाहारी’ मात्र माणसाला चिकटलेला.

आणि याच्या विरुद्ध शब्द काय असेल? ‘मान’. त्याचा साधा अर्थ खारट! खानावळीतली मावशी विचारते, “चाय हाय मान?” शब्दशः बघितलं तर, “व्रताचं की खारट?” हे मराठीत कसं आणायचं?

प्रतिसाद, कोल्हापूर

ताई, आमच्याकडं हा प्रश्न रोज विचारतात की. “गोडाचं की तिखटाचं?” गोडाचं जेवण म्हणजे पुरणपोळी किंवा साधं वरण-भाताचं, तिखटाचं म्हणजे मटण. पाहुण्यानं ‘तिखटाचं’ म्हटलं की मिरची किती घालू असं कुणी विचारत नाही. त्यांनी खारट म्हटलं, आपण तिखट म्हटलं, चव धरूनच दोघं बोलतात. घरातली म्हातारी माणसं ‘वशाट’ म्हणतात, पण त्यात नाक मुरडल्याचा भाव आहे, तो तुमच्या ‘मान’मध्ये दिसत नाही. आणि कायम सोडलेल्याला ‘माळकरी’. “त्यानं माळ घातलीय” म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

प्रतिसाद, म्हापसा

गोव्यात याला ‘शिवराक’ म्हणतात. “आज आमच्याकडे शिवराक” हे वाक्य सोमवारी घरोघरी ऐकू येतं आणि मंगळवारी त्याच घरात नुस्तें, म्हणजे मासळी, शिजतं. म्हणजे तुमच्या ‘चाय’सारखाच दिवसाला लागणारा शब्द. दुसरं म्हणजे, सुकवलेल्या मासळीला आमच्याकडे ‘खारें’च म्हणतात. तेव्हा खारट म्हणजे मासळी हे मला तरी परकं वाटत नाही.

प्रतिसाद, पुणे

सामिष आणि निरामिष हे शब्द तयार आहेत की. ते का नकोत?

मूळ लेखिका

पुण्याच्या प्रतिसादाला आधी. ‘निरामिष’ चूक नाही, पण जेवायला वाढताना तो कुणी उच्चारत नाही, आणि ‘आमिष’ आता मराठीत फक्त दाखवायचं उरलंय. आई-बाबांच्या वहीत मला जेवणाच्या पंगतीतला शब्द हवा आहे.

म्हापशाहून आलेलं ‘खारें’ वाचून फार आनंद झाला. मला असंच वाटत होतं की ‘मान’चं मूळ ‘नुअक माम’मध्ये शोधायला हवं. समुद्रातली बारीक मासळी आणि मीठ पिंपात भरून कित्येक महिने मुरवत ठेवतात आणि खाली निथळणारा तांबूस रस म्हणजे नुअक माम. फु क्वोक बेटावरचा सर्वांत नावाजलेला. २०१२ साली युरोपीय संघाने त्या नावाला संरक्षणही दिलं. ज्या स्वयंपाकात मीठच माशातून येतं, तिथे खारट आणि सामिष यांच्यात अंतर किती उरणार? याचा व्यवहारातला धडा असा: लसणावर परतलेली नाळीची भाजी, जी इथे घरोघरी असते, ती दिसायला निव्वळ पालेभाजी, पण साध्या खानावळीत तिच्यात नुअक माम पडलेलं असू शकतं. “मांस नको” एवढं सांगून भागत नाही. “चाय” म्हटलं की मावशी हात आखडते आणि सोयाबीनचा सॉस उचलते. हा एक शब्द आई-बाबांना पाठ हवा तो यासाठी.

या दोन शब्दांचं ताटाबाहेरचं आयुष्यही सांगते. ‘मान’ दोनदा म्हटल्यासारखा एक जोडशब्द आहे, ‘मान मा’. आपुलकी असलेला, मोहक, असा अर्थ. मिठापासून सौंदर्याकडे जाणारी ही वाट आपल्याला नवी नाही, ‘लवण’पासून ‘लावण्य’ असंच आलंय. उलट बेचव या अर्थाचा शब्द ते फसलेल्या विनोदाला लावतात, आपण त्याला ‘पांचट’ म्हणतो. आणि ‘चाय’? प्रयोगाचं साहित्य नसताना नुसतं तोंडी शिकवलं की ‘चाय शिकवलं’ म्हणतात. मी तिथे ‘कोरडं’ म्हणेन.

वहीत आता असं लिहिलंय: चाय = शिवराक, उपासाच्या दिवसाचं, कांदा-लसूणही बहुधा नाही. चाय चुअंग = माळकरी. मान = तिखटाचं. बाबांचं आजोळ गडहिंग्लजचं, त्यामुळे शेवटचा शब्द त्यांना समजावून द्यावा लागणार नाही.

प्रतिसाद, कोल्हापूर

गडहिंग्लजचं आजोळ असेल तर बाबांना सोयाबीनचा सॉस मिळमिळीत लागंल. येताना खर्डा बांधून आणायला सांगा.

मूळ लेखिका

सांगते. पण त्यातला लसूण पहिल्या तिथीला मावशींना चालणार नाही, तो घरीच ठेवू.