चवथीची सफरचंदं

ए-२०३, वहिनी: दीड दिवसाचा गणपती काल पोचवला. पाहुण्यांनी आणलेली आणि माटोळीची (गणपतीच्या वर टांगतो ती फळं) मिळून पंधरा-सोळा सफरचंदं घरात पडून आहेत. ज्यूस काढून ठेवू का? सासऱ्यांना शुगर आहे, म्हणून विचारते.

बी-१०१, काकी: ज्यूस नको गं बाय. नर्सिंगमध्ये तीस वर्षं काढली, म्हणून कळकळीने सांगते. १०० ग्रॅम सफरचंदात साखर साधारण १० ग्रॅम असते, पण सोबत अडीच ग्रॅमच्या आसपास तंतूही असतात. त्यातलं पेक्टिन (जॅम घट्ट होतो तो त्याच्यामुळेच) पोटात चिकट होतं आणि साखर रक्तात सावकाश उतरते. कोलेस्टेरॉल थोडं खाली यायलाही तेच मदत करतं. ज्यूस गाळलास की तंतू चोथ्यात गेले, साखर पेल्यात उरली. शिवाय एका पेल्याला तीन फळं लागतात. चावून तीन कोण खातं? माझ्या यजमानांना आजारपणात आम्ही आठवडाभर ज्यूस दिला, शुगर चढतच गेली. अजून वाईट वाटतं. बाबांना अर्धं सफरचंद दे, सकाळी अकराच्या सुमारास, जेवणावर नको.

सी-३०२: सालीवर मेण असतं ना? मी मुलांना सोलूनच देते.

बी-१०१, काकी: थोडं मेण फळाचं स्वतःचंच असतं. वरून लावतात तेही खाण्याजोगं असावं असा नियम आहे. कोमट पाण्यात चोळून धू, पण साल ठेव. क्वेर्सेटिन (फळातलं एक अँटिऑक्सिडंट) सालीतच जास्त असतं, तंतूही.

ए-४०१, भाऊ: आमच्या आईला रक्त कमी म्हणून रोज सफरचंद देतो. कापल्यावर तांबूस होतं ते लोहामुळेच ना?

बी-१०१, काकी: नाही रे भाऊ, हे मात्र मनातून काढ. फळातली पॉलिफेनॉल्स नावाची द्रव्यं हवेला लागली की एन्झाइममुळे रंग बदलतो. लिंबू चोळ, लवकर बदलणार नाही. लोह १०० ग्रॅमला जेमतेम ०.१ मिलिग्रॅम. आईला डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना? नसतील तर आजच विचार. आहारात तांबडी भाजी (लाल माठ), कुळीथ घाल, वर लिंबू पीळ.

ए-४०१, भाऊ: गोळ्या महिनाभर बंद आहेत. सफरचंद चालू होतं म्हणून...

बी-१०१, काकी: संध्याकाळी मी येते. जुने रिपोर्ट काढून ठेव.

सी-३०२: सी व्हिटॅमिनसाठी तरी चालेल ना काकी?

बी-१०१, काकी: त्याला पेरू बरा. १०० ग्रॅम सफरचंदात पाचेक मिलिग्रॅम, तेवढ्याच पेरूत दोनशेच्या वर. शुक्रवारी म्हापसा बाजारात बघ.

ए-२०३, वहिनी: चार-चार फळं प्रत्येक मजल्यावर पाठवते. न सोलता.