आर्किटेक्चरसाठी कॉम्प्युटर: कंपनीचा तयार घ्यावा की असेंबल करावा?

खोपटची_आई:
नमस्कार मंडळी, मुलीला यंदा आर्किटेक्चरला ॲडमिशन मिळाली. ऑटोकॅड, स्केचअप ही ड्रॉइंगची सॉफ्टवेअर लगेच लागणार आणि पुढे रेविट. कॉलेजात न्यायला जुना लॅपटॉप आहे, घरी टेबलावर एक धड मशीन हवंय. बजेट मॉनिटर धरून ७५ हजार. ठाण्यातल्या एका दुकानात कंपनीचा तयार डेस्कटॉप दाखवला, तीन वर्षं घरी येऊन सर्व्हिस देणार म्हणाले. भाऊ म्हणतो एवढ्याच पैशात मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून सुटे पार्ट घेऊन कितीतरी चांगला असेंबल होईल. मला हार्डवेअरमधलं काही कळत नाही, मिस्टर बोटीवर असतात, म्हणजे बिघडलं की सगळं माझ्यावरच. काय करू?

ऐरोलीकर:
ताई, भाऊ बरोबर बोलतोय. रेविट आणि रेंडरिंग (मॉडेलवरून खरं वाटणारं चित्र काढणं) आलं की ग्राफिक्स कार्ड हवंच, एन्स्केपसारखं सॉफ्टवेअर तर त्याच्याशिवाय चालतच नाही. आणि कंपनीच्या स्वस्त डेस्कटॉपमध्ये नेमकी तिथेच गोची होते, कॅबिनेट चिंचोळा, एसएमपीएस, म्हणजे आतल्या पार्टना वीज देणारा डबा, बऱ्याचदा २०० वॅटच्या आसपासचा, बरं तो बदलू म्हटलं तर मदरबोर्डचा कनेक्टरच कंपनीचा स्वतःचा, बाजारातला बसत नाही. म्हणजे दोन वर्षांनी कार्ड टाकायची वेळ आली की अख्खं मशीनच बदला. असेंबल्डमध्ये आज एएम५ सॉकेटचा (एएमडीचे प्रोसेसर बसतात तो) बोर्ड घेतला तर पुढे नुसता प्रोसेसर बदलता येतो. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरा, स्टेशनपासून चालत आहे. रविवारी जाऊ नका, बरीचशी दुकानं बंद असतात.

नेरुळ_सेक्टर६:
मला हे पटत नाही. ताईंनी स्वतःच लिहिलंय की बिघडलं तर बघायला कोणी नाही. असेंबल्डमध्ये वॉरंटी प्रत्येक पार्टची वेगळी, सर्व्हिस सेंटर वेगळं, आणि त्याआधी बिघडलंय काय, रॅम की बोर्ड की एसएमपीएस, हे शोधायचं कोणी? आमच्याकडे खाडीची दमट हवा, पावसाळ्यात मशीन चालू केलं की पंखे फिरतात पण स्क्रीन काळीच. रॅम काढून तिचे सोनेरी पट्टे खोडरबरने हलक्या हाताने पुसायचे, परत खटकन बसेपर्यंत दाबायची, की चालू. मला दोन मिनिटं लागतात, पण ज्याने कधी कॅबिनेट उघडलाच नाही त्याने मुलीच्या सबमिशनच्या आदल्या रात्री काय करायचं? घरी माणूस येणार असेल तर त्याचे चार पैसे जास्त गेले तरी मोलाचे आहेत.

घोडबंदर_रोड:
दोघांचंही खरं आहे, पण ताई, असेंबल म्हणजे स्वतःच जोडायचं असं थोडंच आहे. ठाण्यातच असेंबल करून देणारा आणि गरज पडली तर घरी येणारा दुकानदार बघा. लॅमिंग्टन रोडपेक्षा थोडं महाग पडेल, पडू दे. कोटेशन घेताना मात्र लक्ष ठेवा, मोठमोठ्या अक्षरात प्रोसेसर लिहितात आणि खाली नुसतं '४५० वॅट एसएमपीएस'. कंपनी, मॉडेल आणि ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया जाते याचं प्रमाणपत्र) लिहून घ्या, कारण हलका एसएमपीएस जळताना बोर्डालाही घेऊन जातो. प्रोसेसर इंटेलचा असेल आणि नंबराच्या शेवटी 'एफ' असेल तर त्यात आतलं ग्राफिक्स नसतं, वेगळं कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून फार चढलेत, चिप बनवणाऱ्यांचा माल एआयच्या सर्व्हरकडे वळलाय, त्यामुळे आत्ता १६ जीबी घ्या पण बोर्ड रॅमच्या चार स्लॉटचा घ्या, म्हणजे पुढे वाढवता येईल. ओरिजिनल विंडोजचे पैसे बजेटमध्ये धरा, तयार मशीनमध्ये बहुतेक वेळा ते आलेले असतात. ऑटोकॅड आणि रेविट विद्यार्थ्यांना फुकट मिळतं, कॉलेजचा पुरावा द्यावा लागतो.

खोपटची_आई:
खूप आभार सगळ्यांचे. त्या तयार मशीनचा एसएमपीएस विचारला, १८० वॅटचा निघाला, कार्ड बसेल का तर दुकानातला मुलगा नीट सांगू शकला नाही. मग ते नकोच. स्टेशनजवळ एक जण असेंबल करून देतो, वर्षभर घरी येईन म्हणतोय.

घोडबंदर_रोड:
मग ते वर्षभराचं बिलावरच लिहून घ्या. जीएसटीचं पक्कं बिल, प्रत्येक पार्टचा सिरीयल नंबर त्यावर, आणि खोके तुमच्यासमोर फोडायला लावा. ते खोके फेकू नका, वॉरंटीला लागू शकतात.