मदत हवी आहे: पीसीओएस आणि मुलीचं लपूनछपून खाणं

मुलगी 15 वर्षांची. 8 महिन्यांपूर्वी पीसीओएसचं (हार्मोन्सच्या असंतुलनामुळे पाळी अनियमित होणं, चेहऱ्यावर लव, मुरुमं असा त्रास) निदान झालं. डॉक्टर तिला एवढंच म्हणाले, "आधी वजन कमी कर." तेव्हापासून दिवसभर जवळजवळ उपाशी राहते आणि रात्री सगळे झोपले की थांबताच येत नाही इतकं खाते. मग रडारड, दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी. कपाटात रिकामी पाकिटं सापडली तेव्हा मी ओरडले. चुकलंच माझं.

पीसीओएसमध्ये खाण्याच्या विकारांचा धोका जास्त असतो, हे लक्षात घ्या, असं 2023च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाच सांगतात. आम्हाला कुणी अवाक्षरानेही विचारलं नाही! चेहऱ्यावरची लव, मुरुमं यांनी ती आधीच खचलेली, त्यात हे.

अशा मुलींच्या आयांनो, आधी कुणाकडे गेलात? मानसोपचारतज्ज्ञ की आहारतज्ज्ञ? वजनकाटा सरळ लपवून ठेवू का? मुद्दाम उलटी काढत नाही असं ती म्हणते, पण जेवल्यावर बराच वेळ बाथरूममध्ये असते. हे तिला न दुखावता कसं विचारू?

कृपया डाएट प्लॅन पाठवू नका. ते तिच्याकडे ढिगाने आहेत.