मंद ठोक्यांसाठी पेसमेकरऐवजी अ‍ॅब्लेशन करता येते का?

प्रश्न
माझी बहीण ३४ वर्षांची आहे. वर्षभरात ती तीनदा बेशुद्ध पडली आणि होल्टर तपासणीत (अंगावर लावलेल्या यंत्राने ठोक्यांची सलग नोंद) तिचे हृदय एकदा सात सेकंद थांबल्याचे दिसले. इको (हृदयाची सोनोग्राफी) निर्दोष आहे. एका डॉक्टरांनी पेसमेकर सुचवला आहे, तर दुसऱ्यांनी शिरेतून हृदयात नळी नेऊन ठरावीक भाग जाळण्याचा उपचार, म्हणजे कॅथेटर अ‍ॅब्लेशन. अ‍ॅब्लेशन जलद ठोक्यांवर करतात, एवढेच मला ठाऊक होते. आधीच मंदावणाऱ्या हृदयात काही जाळल्याने त्याचा वेग कसा वाढेल, हे कृपया कोणी समजावून सांगेल का?

प्रतिसाद १
आपली शंका रास्त आहे. या उपचारात ठोके निर्माण करणारी यंत्रणा जाळत नाहीत. जाळतात ते अलिंदांलगतच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्यांलगतच्या) चरबीत वसलेले चेतापेशींचे पुंजके, ज्यांच्यामार्फत व्हेगस ही चेता हृदयाला लगाम घालते. काही जणांत हा लगाम अचानक इतका ओढला जातो की ठोके काही सेकंद थांबतात. वेग वाढवणाऱ्या सिम्पथेटिक चेतापेशी मात्र हृदयाबाहेर, पाठीच्या कण्यालगत असतात; त्यामुळे अलिंदाच्या आतून उष्णता दिल्यावर मुख्यतः लगामाचीच बाजू दुबळी होते. याला कार्डिओन्यूरोअ‍ॅब्लेशन म्हणतात. ब्राझीलमधील डॉ. पाचोन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये याविषयीचा आपला अनुभव प्रसिद्ध केला.

प्रतिसाद २
वरील स्पष्टीकरण योग्य आहे, पण ते व्हेगसमुळे थांबणाऱ्या हृदयालाच लागू पडते. साइनस नोड (ठोके निर्माण करणारा पेशीसमूह) किंवा पुढचा वहनमार्गच वयामुळे वा आजाराने झिजला असेल, तर लगाम सैल करून उपयोग नाही; तिथे पेसमेकरच हवा आणि त्यात चालढकल करणे धोक्याचे आहे. म्हणून बहिणीची अ‍ॅट्रोपिन (व्हेगसचा परिणाम तात्पुरता रोखणारे औषध) चाचणी झाली आहे का, हे आधी विचारा. शिरेतून अ‍ॅट्रोपिन दिल्यावर ठोके चांगले वाढले, तर दोष व्हेगसकडे असण्याची शक्यता बळावते.

पुराव्याबद्दलही सांगतो. रोमन नावाच्या चाचणीत ४८ रुग्ण होते. दोन वर्षांत अ‍ॅब्लेशन झालेल्या २४ पैकी २ जण पुन्हा बेशुद्ध पडले, तर न झालेल्या २४ पैकी १३ जण. फरक मोठा आहे, मात्र ही तुलना पेसमेकरशी नव्हती आणि रुग्णसंख्याही लहान होती, हे विसरू नये.

प्रतिसाद ३
माझ्यावर हा उपचार झाला आहे. विश्रांतीतले ठोके पूर्वी ५० च्या आसपास असत, ते आता ७५ च्या पुढे असतात, आणि सुरुवातीचे काही आठवडे ही धडधड मला अस्वस्थ करत असे. तरीही ३४ व्या वर्षी पेसमेकर बसवला, तर बॅटरी संपेल तसे ते यंत्र आयुष्यात अनेकदा बदलावे लागते आणि तारांमध्ये बिघाड वा जंतुसंसर्ग होण्याचा धोकाही राहतो, म्हणून मी हा मार्ग निवडला. चेता पुन्हा वाढून त्रास परतू शकतो, आणि हृदयाभोवती रक्त साचण्यासारखी गंभीर गुंतागुंतही क्वचित होते. डॉक्टरांनी असे किती उपचार स्वतः केले आहेत, हे विचारताना संकोच करू नका.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. अ‍ॅट्रोपिन चाचणी अजून झालेली नाही. ती होईपर्यंत आम्ही दोन्हींपैकी कशालाही होकार देणार नाही, आणि ती लवकरात लवकर करावी अशी विनंती उद्याच डॉक्टरांना करतो.

प्रतिसाद २
तोवर तिला वाहन चालवू देऊ नका, आणि भोवळ येतेसे वाटताच तिने लगेच आडवे व्हावे.